'किंग सॉलोमन्स माइन्स' आज वाचताना : संक्षिप्त नको, पूर्ण वाचा

पानगळ (धागाकर्ता)

रायडर हॅगार्डची 'किंग सॉलोमन्स माइन्स' ही १८८५ सालची कादंबरी नुकतीच मूळ इंग्रजीतून पूर्ण वाचली. शाळेत असताना मुलांसाठी छोटी केलेली आवृत्ती वाचली होती. तीत नकाशा, वाळवंट, ग्रहण, लढाई, गुहा आणि हिरे एवढंच होतं. मूळ पुस्तकात याहून बरंच काही आहे. त्यातलं काही वाचून संताप येतो, आणि काही असं आहे की साम्राज्याची बाजू घेणाऱ्या माणसाने हे लिहिलंच कसं असा प्रश्न पडतो. छोट्या आवृत्तीत नेमक्या या दोन्ही गोष्टी गेल्या होत्या. मला त्याबद्दलच बोलायचं आहे.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात : अ‍ॅलन क्वाटरमेन हा डर्बनमधला पंचावन्न वर्षांचा हत्तींचा शिकारी. सर हेन्री कर्टिस आणि आरमारातला निवृत्त कॅप्टन गुड त्याला गाठतात. सर हेन्रींचा धाकटा भाऊ सॉलोमन राजाच्या खाणी शोधायला गेला तो परतलाच नाही. क्वाटरमेनकडे एका पोर्तुगीजाने १५९० मध्ये स्वतःच्या रक्ताने काढलेला नकाशा असतो. उंबोपा नावाचा एक उमदा आफ्रिकन आपणहून नोकर म्हणून सोबत येतो. तो वाळवंटापलीकडच्या कुकुआना देशाचा खरा वारस, इग्नोसी, निघतो. तिघे गोरे त्याला गादी मिळवून देतात आणि खिसे भरून हिरे घेऊन परततात.

आता लेखकाविषयी, कारण त्याशिवाय हे पुस्तक नीट कळत नाही. हॅगार्ड १८७५ मध्ये एकोणिसाव्या वर्षी दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ या ब्रिटिश वसाहतीच्या लेफ्टनंट गव्हर्नराच्या पदरी तिकडे गेला. १८७७ मध्ये इंग्रजांनी ट्रान्सवाल खालसा केलं, तेव्हा प्रिटोरियात युनियन जॅक चढवणाऱ्यांत हा होता. नंतर तिथल्या उच्च न्यायालयाचा रजिस्ट्रार झाला. म्हणजे हा घरबसल्या आफ्रिका रंगवणारा लेखक नव्हे, राज्य चालवणाऱ्या यंत्रणेतलाच माणूस. इंग्लंडला परतल्यावर 'ट्रेझर आयलंड'च्या निम्म्यानेही चांगलं पुस्तक तुला लिहिता येणार नाही, अशी भावाने पैज लावली आणि याने दीडेक महिन्यात हे लिहून काढलं. प्रकाशकाने शंभर पौंड एकरकमी की विक्रीवर टक्केवारी, असं विचारलं. तिथल्या एका कारकुनाने हळूच टक्केवारी घ्या म्हणून सुचवलं, आणि पहिल्या वर्षात एकतीस हजार प्रती खपल्या.

मला थांबवणाऱ्या तीन जागा सांगतो.

पहिली उंबोपाच्या ओळखीची. क्वाटरमेनला आठवतं की याला आपण इसांडल्वानाला पाहिलंय. २२ जानेवारी १८७९ ला झुलू सैन्याने तिथे ब्रिटिश छावणी अक्षरशः कापून काढली, तेराशेहून जास्त माणसं गेली. लढाईच्या आदल्या दिवशी उंबोपाने छावणी सुरक्षित नाही अशी शंका बोलून दाखवली होती. क्वाटरमेनने त्याला गप्प केलं : तू तोंड बंद ठेव, हे शहाण्या लोकांवर सोड. आणि मग एकच वाक्य येतं, की नंतर मला त्याचे शब्द आठवले. बस. पुढे स्पष्टीकरण नाही. पराभवाला सात वर्षंसुद्धा झाली नव्हती, इंग्लंडातल्या प्रत्येक वाचकाला ते नाव ठाऊक होतं. त्यांच्यासमोर हॅगार्ड सांगतो की हे एका आफ्रिकनाला आधी दिसलं होतं आणि आम्ही ऐकलं नाही.

दुसरी जागा फुलाटाची. ही कुकुआना मुलगी कॅप्टन गुडला मरणाच्या दारातून परत आणते, त्याच्यावर जीव लावते, आणि शेवटी गुहेत या तिघांचा रस्ता बंद होऊ नये म्हणून गागूल या कुकुआनांच्या म्हाताऱ्या चेटकिणीशी झटापट करताना सुरा खाऊन मरते. मरताना तिच्याच तोंडी लेखक घालतो की सूर्य आणि अंधार यांची जोडी जमत नसते. पुढे क्वाटरमेन शांतपणे म्हणतो की ती गेली हे एका परीने बरंच झालं, नाहीतर गुंतागुंत झाली असती. मी पुस्तक मिटून ठेवलं होतं इथे. पुस्तकातली सर्वांत निःस्वार्थ व्यक्ती मरते आणि निवेदकाला सुटल्यासारखं वाटतं.

तिसरी निरोपाची. राजा झालेला इग्नोसी मित्रांना सांगतो की तुमचा रस्ता मोकळा आहे, पण दुसरा गोरा इथे नको. व्यापारी नको, बंदुका नको, दारू नको, प्रार्थना शिकवणारे नकोत. एक आला तर परत पाठवीन, शंभर आले तर मागे रेटीन, फौज आली तर सारी ताकद लावून लढेन. निवेदक यावर एक शब्दही उलटून बोलत नाही.

मला वाटतं, हे पुस्तक आज वाचायचं तर या तिन्ही जागांसकट वाचायचं. 'जुन्या काळचं आहे, सोडून द्या' म्हणणारे पहिल्या आणि तिसऱ्या जागेला मुकतात. 'मुलांसाठी साफ करून देऊ' म्हणणारे तर तिन्ही काढून टाकतात, आणि मग उरतो तो फक्त खजिना लुटण्याचा आनंद, ज्यावर पुस्तकात कुठेतरी घेतलेला आक्षेपही शिल्लक राहत नाही.

तुमचं मत सांगा.

---

मुळाक्षर

लेखन आवडलं. एक भर. पहिल्याच प्रकरणात क्वाटरमेन 'जंटलमन म्हणजे कोण' असा प्रश्न स्वतःलाच विचारतो. आफ्रिकन लोकांसाठीची एक शिवी लिहितो आणि तिथल्या तिथे खोडतो. म्हणतो, मी पाहिलेले कितीतरी नेटिव्ह जंटलमन होते, आणि भरपूर पैसा बाळगून असलेले, नुकतेच मायदेशाहून आलेले कितीतरी गोरे नव्हते. छापील पुस्तकात खोडलेलं तसंच ठेवणं हे मुद्दाम केलेलं आहे. पण पुढे सबंध पुस्तकभर 'काफिर' हा आफ्रिकनांसाठीचा हेटाळणीचा शब्द मात्र बिनदिक्कत चालू राहतो. म्हणजे जाणीव आहे, पण ती एका परिच्छेदापुरती.

---

टिटवी

पानगळ, फुलाटाबद्दल लिहिलंत हे बरं केलंत, पण मी तुमच्याइतकी मऊ नाही.

त्या नकाशाकडे नीट बघा. दोन डोंगरांना नाव काय, तर 'शीबाचे स्तन' (शीबा म्हणजे बायबलमधल्या सॉलोमनच्या कथेतली राणी). त्यांच्यामधून वर जायचं, पलीकडे उतरायचं आणि खाली गुहेत शिरून दडवलेली संपत्ती काढायची. अ‍ॅन मॅक्लिंटॉक यांनी १९९५ च्या 'इम्पीरियल लेदर' या अभ्यासग्रंथाची सुरुवातच या नकाशापासून केली आहे. देश म्हणजे बाईचं शरीर, आणि पुरुषांनी ते पादाक्रांत करायचं. हे एकदा दिसलं की मग पुस्तकात दुसरं काही दिसेनासं होतं, माझं तरी तसं झालं.

क्वाटरमेन सुरुवातीलाच फुशारकीने सांगतो की या कथेत गागूल आणि फुलाटा सोडल्या तर बाई नाही. आणि या दोघींचं होतं काय? तरुण, सुंदर, सेवा करणारी सुऱ्याने मरते. म्हातारी, जाणती, जिला खाणींचं रहस्य ठाऊक आहे ती दगडी दाराखाली चिरडते. ज्ञान असलेली एकमेव बाई चेटकीण. गागूल जे बोलते ते ऐका जरा : गोरे आले की काय होईल हे तिला इग्नोसीच्या आधी कळलेलं आहे. ती चिडलेली आहे, क्रूर आहे, पण या माणसांना चमकणाऱ्या दगडांनी खेचून आणलंय हे तिने अचूक ओळखलंय. लेखकाने खरं बोलायचं काम तिच्यावर सोपवलं आणि मग तिला मारून टाकलं.

मुलांना द्यायचंच असेल तर माझ्या मते थांबा, सोळा-सतराव्या वर्षी द्या. आधी दुसरं काहीतरी वाचू दे.

---

कोरडा_पाऊस

बाकी सगळं मान्य, पण ग्रहणाचं प्रकरण कुणीच काढलं नाही!

पहिल्या आवृत्तीत सूर्यग्रहण आहे. गुडच्या पंचांगात तारीख सापडते, तिघे 'आम्ही सूर्य विझवतो' म्हणतात आणि भर दिवसा अंधार पडतो. अडचण अशी की कथेत त्याच सुमारास पौर्णिमेचं चांदणंही आहे. सूर्यग्रहण अमावास्येलाच होतं हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. शिवाय तो अंधार तासभर टिकतो, खरं खग्रास सूर्यग्रहण साडेसात मिनिटांच्या वर जातच नाही. म्हणून नंतरच्या आवृत्त्यांत हॅगार्डने ते चंद्रग्रहण केलं. त्यामुळे तुमच्या हातातली प्रत कोणत्या पाठाची आहे ते या प्रकरणावरून लगेच ओळखता येतं.

ही युक्ती कोलंबसाच्या गोष्टीची आहे, १५०४ च्या फेब्रुवारीत जमैकामध्ये त्याने चंद्रग्रहण दाखवून लोकांना धान्य द्यायला लावलं होतं. पण मला खुपतं ते वेगळंच. ज्या लोकांची सगळी कामं उघड्या आभाळाखाली चालतात, त्यांना ग्रहण म्हणजे काय हे माहीतच नसेल असं लेखकाने धरून चाललंय. आणि योगायोग पाहा, २२ जानेवारी १८७९ ला, इसांडल्वानाची लढाई चालू असतानाच तिथे खंडग्रास सूर्यग्रहण लागलं होतं. झुलू घाबरून पळाले नाहीत, त्यांनी लढाई जिंकली. हॅगार्ड तेव्हा दक्षिण आफ्रिकेतच होता.

---

पानगळ

कोरडा_पाऊस, इसांडल्वानाचं ग्रहण मला ठाऊक नव्हतं! त्या प्रसंगाकडे आता वेगळ्याच नजरेने पाहावं लागेल.

टिटवीताई, गागूलबद्दलचं पूर्ण पटलं. तिच्या बोलण्यात आणि इग्नोसीच्या निरोपात एकच गोष्ट आहे, पण राजा बोलला की तो बाणेदारपणा आणि म्हातारी बोलली की तो चेटूकपणा. वयाबद्दल मात्र मी सहमत नाही. सोळाव्या वर्षापर्यंत मुलं ही गोष्ट सिनेमांतून, गेममधून शंभर वेळा पाहून बसतात. टोपी घातलेला गोरा नायक, पडके देऊळ, सापळे, शाप, खजिना, हे सगळं याच घराण्यातलं आहे. मूळ वाचलं तर निदान ते कुठून आलं हे तरी कळेल.

---

दूरदेशी

मी काही वर्षं हरारेत नोकरीनिमित्त राहिलो, त्यामुळे ग्रेट झिम्बाब्वे या तिथल्या जुन्या दगडी अवशेषांबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. या कादंबरीच्या मागे खरी हानी आहे ती तिथे.

ग्रॅनाइटचे दगड चुन्याशिवाय एकावर एक रचून बांधलेल्या त्या भिंती काही ठिकाणी अकरा मीटरपर्यंत उंच आहेत. मोठ्या वर्तुळाकार आवाराचा घेर अडीचशे मीटरच्या आसपास. अकराव्या ते पंधराव्या शतकात शोना लोकांच्या पूर्वजांनी हे उभं केलं. १८७१ मध्ये कार्ल माउख नावाचा जर्मन प्रवासी तिथे पोचला आणि त्याने ठरवून टाकलं की हे शीबाच्या राणीचं काम. का? तर आफ्रिकनांना हे जमणं शक्य नाही. हॅगार्डच्या पुस्तकातही तेच आहे : तो भव्य रस्ता, ते प्रचंड पुतळे कोणीतरी फार पूर्वी येऊन बांधून गेलं, आणि आज तिथे राहणाऱ्या कुकुआनांना त्याचा पत्ता नाही. वाचताना हे केवळ गूढ वाटतं. पण 'इथले लोक इथल्या वैभवाचे मालक नाहीत' हे एकदा मनात ठसलं की ते वैभव उचलून नेणं ही चोरी राहत नाही.

१९०५ मध्ये रँडल-मॅकाइव्हर यांनी उत्खनन करून सांगितलं की हे आफ्रिकन आणि मध्ययुगीन आहे. १९२९ मध्ये गर्ट्रूड केटन-टॉम्पसन यांनी ते पुन्हा भक्कमपणे सिद्ध केलं. तरी ऱ्होडेशियातल्या (आजच्या झिम्बाब्वेतल्या) गोऱ्या सरकारला ते रुचलं नाही. पीटर गार्लेक हे पुरातत्त्वज्ञ हेच ठामपणे म्हणत राहिले म्हणून दबाव इतका वाढला की १९७० मध्ये त्यांना देश सोडावा लागला. १९८० मध्ये स्वातंत्र्य मिळालं तेव्हा देशानेच या अवशेषांचं नाव घेतलं, आणि तिथे सापडलेला दगडी पक्षी आज झेंड्यावर आहे.

तिथे चिनी मातीची भांडी सापडली आहेत, इराणी भांडी सापडली आहेत, आणि हिंदुस्थानातून गेलेले काचेचे मणीही. म्हणजे तिथलं सोनं किनाऱ्यावर येत होतं आणि आपल्या बाजूचा माल आत जात होता, गोऱ्यांनी कुणाला 'शोधून' काढण्याच्या कितीतरी आधी.

आणि इग्नोसीच्या निरोपाबद्दल. १८८८ मध्ये, म्हणजे पुस्तक आल्यावर तीनच वर्षांनी, सेसिल ऱ्होड्स या साम्राज्यवादी ब्रिटिश खाणमालकाच्या माणसांनी एन्डेबेले राजा लोबेंगुलाकडून खनिजांचा हक्क लिहून घेतला. बदल्यात काय, तर एक हजार रायफली, एक लाख काडतुसं आणि महिन्याला शंभर पौंड. १८९० मध्ये गोऱ्यांची तुकडी त्या प्रदेशात घुसली, १८९३ मध्ये लढाई झाली आणि लोबेंगुलाचं राज्य संपलं. बंदुका नकोत असं इग्नोसी का म्हणतो ते यातून पाहावं.

---

शेवंती

दूरदेशी, फार मोलाचा प्रतिसाद. जपून ठेवला आहे.

---

काजवा

गोव्यातून लिहितोय. नकाशा काढणारा जुझे द सिल्वेस्त्रा काल्पनिक आहे, पण त्याच्या मागचा इतिहास आमच्या ओळखीचा आहे. १५९० मध्ये मोझांबिकचा तो सगळा किनारा गोव्याच्या व्हाइसरॉयच्या अखत्यारीत होता. १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्याहूनच चालायचा. आणि सोन्याच्या खाणींमागे पोर्तुगीज खरोखर धावले होते. फ्रान्सिस्कु बार्रेतु हा आधी गोव्यात गव्हर्नर होता. १५६९ मध्ये तो मोनोमोटापा या तिथल्या आफ्रिकन राज्याच्या खाणी काबीज करायला लिस्बनहून फौज घेऊन निघाला. झांबेझीच्या काठावर रोगराईने माणसं पटापट मेली आणि १५७३ मध्ये तोही तिथेच सेना या ठिकाणी मेला. १६०९ मध्ये जुआंव दुश सांतुश या डॉमिनिकन पाद्र्याच्या ग्रंथात तिथले डोंगर आणि अवशेष यांचा संबंध सॉलोमन आणि शीबाच्या राणीशी जोडणाऱ्या कथा आल्या आहेत. म्हणजे माउख किंवा हॅगार्ड यांनी ही कल्पना नव्याने काढलेली नाही, पोर्तुगीजांकडून उचललेली आहे.

पुस्तकातला मला सर्वांत आवडलेला प्रसंगही सिल्वेस्त्राचाच. बर्फाळ गुहेत त्याचं तीनशे वर्षांपूर्वीचं गोठलेलं प्रेत सापडतं आणि त्याच रात्री थंडीने गारठून व्हेंटफोगेल हा हॉटेंटॉट (खोईखोई जमातीचं गोऱ्यांनी दिलेलं नाव) वाटाड्या मरतो. दोघांना शेजारी शेजारी बसवून बाकीचे पुढे निघतात. एक मालक जातीचा, एक चाकर, दोघांची अवस्था एकच. त्या पानावर हॅगार्ड खरा लेखक आहे.

---

मुळाक्षर

इग्नोसीला आपण फार वर चढवतोय असं वाटतं. तो राजवंशातला आहे म्हणून त्याला मान आहे. अंगाने धिप्पाड, झुलूंच्या मानाने उजळ, असं वर्णन लेखक आवर्जून करतो. खिवा हा झुलू नोकर हत्तीच्या तावडीतून गुडला वाचवताना मरतो, व्हेंटफोगेल थंडीने मरतो, त्यांना कुणी 'तू आणि मी दोघे मर्द आहोत' असं म्हणण्याची मुभा नाही. आणि वाईट राजा काढून गोऱ्यांच्या मदतीने चांगला राजा बसवणं हे तर इंग्रजांचं नेहमीचं स्वप्न. प्रत्यक्षात १८७९ नंतर त्यांनी झुलूलँडचे तेरा तुकडे करून तेरा सरदारांना वाटले आणि तिथे यादवी माजवली. आपल्या संस्थानांच्या इतिहासात दत्तक, रीजंट, रेसिडेंट यांचा खेळ पाहिलेल्या वाचकाला हे ओळखू यायला हवं.

---

गॅलरीतली_तुळस

माझी मुलगी बारा वर्षांची आहे. धागा वाचून तिला द्यावं की न द्यावं हे अजून ठरत नाहीये.

बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांची 'चाँदेर पाहाड' तिने वाचली आहे. ती १९३७ ची, आफ्रिकेतच घडते, नायक बंगालमधल्या खेड्यातला शंकर. तिला ती भयंकर आवडली. लेखक स्वतः आफ्रिकेत कधी गेलेच नव्हते, तरी युगांडा रेल्वे, सिंह, वाळवंट, हिरे सगळं आहे. शंकरकडे झेंडा नाही, पलटण नाही, मागे सरकार नाही. पण आता या धाग्यानंतर मला हेही जाणवतंय की तिथेही आफ्रिकन माणसं फारशी बोलत नाहीत. साहस करणारा आपला असला की आपण ते पटकन चालवून घेतो.

नायजेरियन लेखक चिनुआ अचेबे यांनी सांगितलंय की लहानपणी अशी पुस्तकं वाचताना ते स्वतःला आफ्रिकन समजतच नव्हते, रानटी लोकांविरुद्ध गोऱ्यांच्या बाजूने उभे राहत. माझ्या मुलीचंही तसंच होईल ही मला खरी भीती आहे. क्वाटरमेनच्या खांद्यावरून बघताना तिला फुलाटा आपल्यातली वाटणार नाही.

---

पानगळ

मुळाक्षर, राजवंशाचा मुद्दा खरा आहे आणि तो मी लिहायला हवा होता. तरीही उंबोपा सर हेन्रींशी बरोबरीने बोलतो तेव्हा क्वाटरमेन त्याला झापतो, आणि पुढे कथेत बरोबर ठरतो तो उंबोपाच. हे लेखकाने जाणून केलं की नकळत, यावर मी अजून ठाम नाही.

गॅलरीतली_तुळस, तुमची भीती रास्त आहे. म्हणूनच म्हणतो, एकटीला देऊ नका, दोघी मिळून वाचा. मोठ्याने वाचलं की बऱ्याच गोष्टी आपोआप अडतात. फुलाटाच्या मरणानंतरचं ते वाक्य मोठ्याने वाचून पाहा, बारा वर्षांची मुलगी स्वतःच विचारेल की हा असं का म्हणाला. अचेबे एकटे वाचत होते, त्यांच्याशेजारी हा प्रश्न विचारायला कुणी नव्हतं.

एक छोटी जागा तिला जरूर दाखवा. डर्बनच्या बेरीया भागातल्या क्वाटरमेनच्या घरामागे आंब्याची कोवळी रोपं आहेत, बोटॅनिकल गार्डनच्या प्रमुखाने दिलेली, आणि त्याला त्यांच्याकडून फार आशा आहे. 'ट्रुरो' हे जहाज मद्रासहून गिरमिटिया मजुरांना घेऊन डर्बनला लागलं ते नोव्हेंबर १८६० मध्ये. पुस्तक लिहिलं गेलं तेव्हा नाताळच्या उसाच्या मळ्यांत हजारो हिंदी लोक राबत होते. हॅगार्डने नाताळात वर्षं काढली, हे सगळं त्याच्या डोळ्यांसमोर होतं. कादंबरीत आंबा आला, माणसं आली नाहीत. आपण त्या गोष्टीत कुठे होतो असं मुलीने विचारलं तर उत्तर तिथे आहे.

---

टिटवी

दोघींनी मिळून वाचायचं असेल तर माझा विरोध मागे. फक्त गागूलची प्रकरणं घाईने उरकू नका, तिचं म्हणणं पूर्ण वाचा. आणि हॅगार्डचीच 'नाडा द लिली' (१८९२) पुढे घ्या. तीत जवळजवळ सगळी पात्रं झुलू आहेत आणि झुलू राजा शाकाच्या राज्याची गोष्ट एक झुलू म्हातारा सांगतो. गोऱ्या शिकाऱ्याच्या खांद्यावरून बघायची गरजच पडत नाही. रक्तपात भरपूर आहे, तेव्हा आधी तुम्ही स्वतः वाचा.

---

गॅलरीतली_तुळस

आभार टिटवीताई, पानगळ. सुट्टी लागली की सुरू करते. हॅगार्ड १९२५ मध्ये गेले, त्यामुळे पुस्तक नेटवर मोफत आणि अधिकृतपणे मिळतंय. मी उतरवून घेतलेल्या प्रतीत ग्रहण चंद्राचं आहे. सूर्यग्रहणाचा जुना पाठ कुणाकडे असेल तर सांगा, दोन्ही शेजारी ठेवून तिला दाखवायचे आहेत.